फ्लेक्सवरची भावी डॉक्टर

मे महिना सरत आला की मला राग यायला लागतो. उन्हाचा नाही. उन्हाशी आम्हा नाशिककरांचं जुनं भांडण आहे आणि संध्याकाळी वारा सुटला की ते मिटतंही. माझा राग फ्लेक्सवर असतो. दहावीचा निकाल लागतो आणि लगेच चौकाचौकांत पोरांचे चेहरे टांगले जातात. मी चांदवडच्या बाजूला एका हायस्कुलात भूगोल शिकवते. सुट्टी असली तरी निकालाच्या दिवसांत शाळेत जावंच लागतं, आणि एसटीच्या खिडकीतून ही चेहऱ्यांची रांग बघावीच लागते. पोरं गणवेशात, आधारकार्डाच्या फोटोत असतं तसं तोंड करून उभी. चेहऱ्याखाली टक्के, टक्क्यांखाली क्लासचं नाव, आणि पोराच्या नावाआधी एक शब्द असतो, भावी. भावी डॉक्टर, भावी इंजिनिअर, भावी कलेक्टर. आमच्याकडे भावी आमदारांचे फ्लेक्स पूर्वीपासून आहेत. पण ते लोक निदान स्वतःच्या हौसेने स्वतःला टांगून घेतात. ह्या पोरांना कोणी विचारलेलं नसतं.

यंदाही बस पिंपळगावच्या टोलनाक्यावर थांबली, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर होता, आणि वाऱ्याने एक लालसर पापुद्रा उडून माझ्या मांडीवर पडला. मी तो झटकला नाही. चिमटीत धरून उन्हाकडे धरला तर त्याच्यातून पलीकडचं दिसत होतं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार, की ह्या पापुद्र्याने मला एका जुन्या मे महिन्यात नेऊन सोडलंय आणि तिथे एक मुलगी कांद्याच्या ढिगाशी उकिडवी बसलेली आहे.

आमच्या भागात दोन हंगाम एकाच वेळी येतात. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात, भरायचा आणि दहावीचा निकाल लागायचा. परीक्षा संपली की पोरं घरी मोकळी नसतात, कांदा निवडायला बसतात. मोठा इकडे, मध्यम तिकडे, बारीक ती गोल्टी, तिची वेगळी पाटी. जोडकांदा बाजूला, कारण तो चाळीत टिकत नाही. निकालाचा कागद घ्यायला मुलं शाळेत येतात तेव्हा सगळ्या व्हरांड्याला कांद्याचा वास असतो. शहरातले लोक नाक मुरडतात, पण मला तो वास आवडतो. उन्हाने तापलेली माती, सुकलेली पात आणि त्याखाली कुठेतरी एक गोडसर तिखटपणा. अजूनही बाजारात कांदे घेताना मी आधी वास घेते, आणि भाजीवाला म्हणतो, मॅडम, अत्तर नाहीये ते.

पण कांदा निवडला जातो तशीच मुलंही निवडली जातात ह्याची मात्र मला चीड आहे. नव्वदच्या वर गेलं की सायन्स. पंचाहत्तरच्या आसपास असेल तर कॉमर्स, "बघू जमलं तर." त्याखाली आर्ट्स. आणि गोल्टी म्हणून जी पाटी राहते ती आयटीआयची. हे कुठल्याही सरकारी आदेशात लिहिलेलं नाही, तरी गावातल्या चहावाल्यापासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. वर एक शब्द ठेवलेलाच असतो, स्कोप. "त्याला स्कोप आहे का?" मूल काहीही म्हणो, चित्र काढीन, शेळ्या पाळीन, नकाशे करीन, मोठ्यांचं उत्तर ठरलेलं. मी कित्येकांना विचारलं, स्कोप म्हणजे नक्की काय हो? कोणी धड सांगू शकलं नाही. शेजारच्याच्या पोराने जे केलं त्याला स्कोप असतो, एवढाच अर्थ मला आजवर लागलाय.

मग हेच लोक जूनमध्ये मला म्हणतात, "मॅडम, आमच्या पोरीत कॉन्फिडन्सच नाही. तुम्ही जरा समजावा." म्हणजे आधी पंधरा वर्षं तिला गप्प बसवायचं आणि मग आत्मविश्वासासाठी माझ्याकडे पाठवायचं. माझ्याकडे काय त्याचं दुकान आहे?

शाळेतलं करिअर मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आलं ते मोठ्या गमतीने. मुख्याध्यापक म्हणाले, "भूगोलाच्या बाई तुम्ही, दिशा तुम्हालाच ठाऊक." स्टाफरूम हसली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. पाहुणे बोलावले, त्यांनी भाषणं दिली, मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय ठरलं रे, तर मुलं म्हणाली, पप्पांना विचारतो.

तेव्हा मी भाषणं बंद केली आणि एक साधा रिवाज सुरू केला, तो आजही चालतो. दहावीची परीक्षा झाली की ज्या कामाबद्दल उत्सुकता असेल ते काम करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचं. दिवसभर, लुडबुड न करता. आणि निघताना एकच प्रश्न विचारायचा: "तुम्हाला ह्या कामातलं काय सहन होत नाही?" पगार विचारायचा नाही, स्कोप तर नाहीच नाही. दुरून डोंगर साजरे, हे आपण उठता बसता म्हणतो. मग पोरांना डोंगराजवळ नेऊन का सोडत नाही? उत्तरं मोठी मजेदार येतात. नर्सताई म्हणाल्या, पेशंट परवडला, नातेवाईक नको. बँकेतल्या साहेबांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं. वकील नुसतेच म्हणाले, तारखा. एक पोरगा पोलीस ठाण्यातून आला आणि म्हणाला, "मॅडम, त्यांना सणाला घरी जाता येत नाही. तरी मला पोलीसच व्हायचंय." त्याच्या त्या "तरी"साठी मी त्याला घरून आणलेले लाडू खायला दिले. त्रास ठाऊक असून ज्याला ते काम करावंसं वाटतं, त्याला आत्मविश्वास शिकवावा लागत नाही.

साक्षी ह्या सगळ्यात कुठेच नव्हती. दत्तूभाऊंची मुलगी, वर्गात पहिल्या तिघांत, आणि तोंडात एकच शब्द, "चालेल." सहलीला येतेस? चालेल. गॅदरिंगला निवेदन करशील? चालेल. निवेदन ऐन वेळी दुसरीला दिलं, तेही चालेल. इतकं सगळं चालणारी मुलगी बघून मला काळजीच वाटायची. कोणाजवळ बसणार म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सांगाल तिथं, मॅडम." मी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात त्यांचा ट्रॅक्टर बिघडला, हायवेवरच्या शकीलभाईंच्या गॅरेजात नेऊन लावला. दत्तूभाऊ कांदा काढायच्या घाईत, गॅरेजात ट्रॅक्टरजवळ कोणीतरी थांबायला हवं, म्हणून साक्षी थांबली.

ती शाळेत आली तेव्हा मी जुने नकाशे गुंडाळून ठेवत होते. दारातूनच बोलायला लागली. "मॅडम, हायड्रॉलिक उचलतच नव्हतं. सगळे म्हणं पंप गेला. शकीलचाचा म्हणले, थांब, पहिले फिल्टर बघू. तर निसता गाळ. मी धुतला, मॅडम. त्यांनी बसवायला पण मलाच लावला. मग दांडी वढली तर नांगर वर आला." तिने हात वर करून दाखवला. नखांत काळं भरलेलं. "नांगर वर आला, मॅडम," ती पुन्हा म्हणाली. एवढी वाक्यं मी तिच्याकडून दोन वर्षांत ऐकली नव्हती. प्रश्न विचारलास का म्हटलं, तर म्हणाली, विचारला. "चाचा म्हणले, पोरं पाना उचलत्यात पण जागेवर ठेवत नाय, हे आपल्याला बर्दाश्त होत नाय. मी सगळे पाने पुसून लावून आले."

मग निकाल लागला. एक्क्याण्णव टक्के. दत्तूभाऊ आनंदाने तिला घेऊन नाशिकला कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेले. तिथे तिचा फोटो काढला, पेढा भरवला, माहितीपत्रक दिलं. प्रवेश घेतलेला नव्हता, पैसेही दिलेले नव्हते. पण गावच्या फाट्यावर बस थांबते तिथे साक्षीचा हा मोठा फ्लेक्स लागला: भावी डॉक्टर. त्या दिवसापासून गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागलं. म्हाताऱ्या बायका गुडघे दाखवायला आल्या. किराणा दुकानदाराने तर तिला रक्तदाबाच्या गोळीची पट्टी दाखवून विचारलं, ही चालेल का.

ती माझ्याकडे आली आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला आयटीआय करायचंय. ट्रॅक्टरचं."

मी लगेच वा म्हटलं असं नाही. मी तिला दुपारभर उलटसुलट विचारलं. डिप्लोमा का नको? इंजिनिअर का नाही? ती प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होती. "ते पण करीन ना. पण आधी हात चालू द्या." मी तिला सांगितलं की आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ते तिला आधीच माहीत होतं, चौकशी करून आली होती. उन्हाने तोंड लाल झालेलं, ओढणीच्या टोकाला ग्रीसचा डाग, पण बोलताना एकदाही अडखळली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी तिला सांगितलंही.

स्टाफरूममध्ये मात्र वीज पडली. मुख्याध्यापक म्हणाले, "एक्क्याण्णव टक्के आणि आयटीआय? मॅडम, तुम्ही मार्गदर्शन करताय की वाटोळं?" मी म्हटलं, सर, तुमची गाडी रस्त्यात बंद पडली की तुम्ही पस्तीस टक्केवाल्याला शोधता का? त्यांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. मला सांगा, हाताने करायच्या कामाला डोकं लागत नाही हे ठरवलं कुणी? हुशार मुलीने पाना धरला की वाया गेली, आणि नको असलेल्या शिक्षणात कोटा-लातूर करून खंगली की नाव काढलं. डॉक्टर व्हायची ओढ असलेल्या मुली मी पाहिल्यात, त्यांच्यासाठीही मी भांडलेय, पंचावन्न टक्क्यांवर भांडलेय. माझं भांडण डॉक्टरकीशी नाही. टक्के बघून पाटीत टाकण्याशी आहे.

मी दत्तूभाऊंकडे गेले ती संध्याकाळ अजून स्वच्छ आठवते. चाळ भरायचं काम चाललेलं. साक्षी आणि तिची आई ढिगाशी निवडायला बसलेल्या, दत्तूभाऊ पाट्या उचलून चाळीत रिकाम्या करत होते. वाऱ्यावर पापुद्रे उडत होते, माझ्या केसांत, पदरावर. मीही एक पाटी पुढ्यात ओढली आणि निवडायला बसले. साक्षीच्या आईने माझ्या पाटीतून दोन जोडकांदे काढून बाजूला टाकले.

दत्तूभाऊ वाईट माणूस नव्हे. पोरीवर जीव होता त्यांचा. पाटी ठेवून टेकले आणि म्हणाले, "मॅडम, मला काय पोरीचं वाईट करायचंय का? पण आता फ्लेक्स लागलाय. पाव्हणेरावळे फोन करायलेत. गावाला काय सांगू?"

मला हसावं की रडावं कळेना. मुलीचं आयुष्य कसं जाणार ते फाट्यावरच्या कापडाने ठरवलं होतं. बुडायला पैसे दिलेले नव्हते, मोडायला शब्द दिलेला नव्हता, होता तो नुसता संकोच. वाद घालून उपयोग नव्हता. मी मुलांना देते तोच प्रश्न त्यांना विचारला. "दत्तूभाऊ, तुम्हाला शेतीतलं काय सहन होत नाही?"

त्यांना वाटलं मी विषय बदलला. पण उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "लिलाव," ते म्हणाले. "कष्टाचं काय वाटत नाय. पण मार्केटला ट्रॅक्टर लावायचा, गाडीशेजारी हात बांधून हुबं राहायचं. व्यापारी येतो, मूठभर कांदा हातात घेतो, आकडा बोलतो अन् पुढं जातो. वर्षभराचा माल माझा, अन् भाव बोलणार तो. तोंड उघडायची सोय नाय. ते लय लागतं."

मी हातातला कांदा खाली ठेवला. "मग साक्षीला कशाला उभं करताय तसं?"

दत्तूभाऊंनी उठून पाटी चाळीत रिकामी केली. कांदे आत गडगडले. मग पोरीकडे वळले आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "साक्षे, तू सांग. सायन्सला काय वाईट हाय? मार्क हायेत. एवढी दोन वर्सं काढ, मग बघू. चालंल ना?"

सवयीने तिचं तोंड उघडलं. मी पाटीकडे बघत राहिले, कारण तिने माझ्याकडे बघून बोलावं असं मला नको होतं.

"नाही चालणार, पप्पा," साक्षी म्हणाली.

हळूच म्हणाली, पण म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. एक कांदा मोठ्यात, एक मध्यमात. आईने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पोर पह्यल्यांदा काही मागतीये," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर नीट करून पुन्हा निवडायला लागली.

तेवढ्यात आभाळ आलं. चांदवडच्या डोंगरामागून काळं काळं चढत आलं आणि वाऱ्याची दिशा फिरली. भिजलेला कांदा चाळीत सडतो, सगळ्यांची एकच धांदल उडाली. ताडपत्री ढिगाच्या निम्म्यालाच पुरत होती. दत्तूभाऊ गोण्या शोधायला घरात पळाले. साक्षीने चुलतभावाची सायकल घेतली आणि काही न सांगता फाट्याकडे निघाली. परत आली तेव्हा हँडलवर गुंडाळी होती. स्वतः खांबावर चढून सुतळ्या कापल्या होत्या. आम्ही दोघींनी तो फ्लेक्स उलगडला आणि उघड्या कांद्यावर पांघरला. गणवेशातली साक्षी ढिगावर आडवी झाली, तिच्या छापील कपाळावर खऱ्या साक्षीने एक दगड ठेवला, पोटाशी दुसरा.

दत्तूभाऊ गोण्या घेऊन आले आणि बघतच राहिले. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. त्यांनी ढिगाला एक चक्कर मारली, एक कोपरा वाऱ्याने उडत होता तो पायाने दाबला आणि म्हणाले, "ह्या बाजूला पण दगड ठेव."

पाऊस काही आला नाही. आभाळ नुसतं गुरगुरलं आणि निफाडकडे निघून गेलं. पण फ्लेक्स एकदा खाली आला तो आलाच. कुणी तो परत लावा म्हटलं नाही, कुणी काही जाहीरही केलं नाही. आठवड्याने दत्तूभाऊ तिला घेऊन आयटीआयच्या रांगेत उभे होते. गावाने थोडे दिवस कुजबूज केली. लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायी चालू देत नाहीत, त्यांना गप्प करायला नवा विषय लागतो. पावसाळ्यात कोणाचं तरी लग्न मोडलं आणि साक्षी सुटली. क्लासने फाट्यावर दुसऱ्या मुलीचा फ्लेक्स लावला.

हे सगळं लिहिते म्हणून कोणी असं समजू नये की पुढे सगळं सोपं झालं. त्या ट्रेडला ती एकटी मुलगी. मुलं हसायची. सिन्नरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून होती तेव्हा पहिले कित्येक दिवस तिला नुसतं झाडायला लावलं. फोनवर रडली माझ्याजवळ. मी म्हटलं, परत यायचंय का? म्हणाली, "नाय. निसतं रडायचंय." मग मी ऐकत बसले. ती आता डिप्लोमाला जायचं म्हणते. जाईल किंवा नाही जाणार. मी तिला त्याबद्दल विचारत नाही.

यंदा मी दहावीच्या चार पोरांना घेऊन हायवेवरच्या त्या गॅरेजात गेले. शकीलभाईंचे गुडघे गेलेत, ते बाहेर खाटेवर बसून चहा पितात आणि आल्यागेल्याशी बोलतात. भिंतीवर पाने ओळीने लावलेले. मध्ये एक ट्रॅक्टर उभा, त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. पाठीखाली जमिनीवर काहीतरी अंथरलेलं. मी वाकून पाहिलं तर तोच फ्लेक्स. कांद्यावर दोन हंगाम काढून झाल्यावर, साक्षी सिन्नरहून परतून शकीलभाईंकडे कामाला लागली तेव्हा, तो इथे आला होता. ऑइलने चेहरा पार गेला होता, 'भावी' मात्र शिल्लक होतं.

माझ्याबरोबरच्या एका मुलीने वाकून प्रश्न विचारला. ती फार हळू बोलते, तिचा आवाज ट्रॅक्टरखाली पोचेल की नाही अशी मला शंका होती. "ताई, तुम्हाला ह्या कामातलं काय सहन होत नाही?"

"थांब जरा," खालून आवाज आला. "गाडी आल्याचा आवाज येतोय. आत्ता कळंल."

खरंच एक ट्रॅक्टर दारात येऊन थांबला. मोठ्या मिशांचे एक काका उतरले. शकीलभाईंना रामराम घातला. शकीलभाई बशीतला चहा फुंकत राहिले. काकांनी गॅरेजभर नजर फिरवली, माझ्यावरून, पोरांवरून, भिंतीवरच्या पान्यांवरून.

"मिस्तरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"काका," साक्षी म्हणाली, "खाली बघा."

काकांना वाकावं लागलं.